अंतर जास्त अन् वेळ कमी, हे कसं काय भाऊ?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला पत्रानं अन् व्हॉट्सॲपवर आलेले निम्मे प्रश्न विमानाचेच निघाले. कापूस घरात आला की इकडं लोकांना लेकीबाळींकडं जायची घाई होते, आणि आता लेकीबाळी पुसद-वणीला कमी अन् शारजा-अमेरिकेला जास्त, तर चालायचंच. ज्यानं जसं लिहिलं तसंच ठेवलं, नावं तेवढी काढली.

प्रश्न : माही लेक सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूनं रायते. फेब्रुवारीत तिचं बाळंतपण हाय. जावयानं नागपूर-दिल्ली अन् दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को असं तिकीट काढलं. नातवानं मोबाईलवर मोजलं तं नागपूरहून १३ हजार किलोमीटर दाखवते. जावई म्हणते का विमान कधी कधी १५ हजाराच्या वर फिरून जाते पण लवकर पोचते. जास्त चालून लवकर कसं पोचते? अन् मले किती तास बसा लागन? गुडघे दुखतात म्हून इचारते. (एक आजी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : आजी, जावई बरोबर सांगून राहिला, आणि नातवाचंही चूक नाही, दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजून राहिले एवढंच.

नातवानं मोजली ती पृथ्वीच्या पाठीवरची सगळ्यात जवळची रेघ. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ती साधारण १३,१०० किलोमीटर भरते. पण त्या रेघेवरून कोणी उडत नाही, कारण नागपूरहून तिकडं थेट विमानच नाही. तुम्ही आधी दिल्लीला जाणार, ते ८५५ किलोमीटर, आणि दिल्लीहून पुढची जवळची रेघ १२,४०० च्या आसपास. दिल्लीचा फेरा पडतो असं वाटतं पण वाढतात फक्त सव्वाशे-दीडशे किलोमीटर, कारण ती रेघ नागपूरहून साधारण उत्तरेकडंच निघते आणि दिल्ली जवळपास वाटेवरच लागते.

आता जावयाचं. एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलं, तेव्हा ते पश्चिमेकडून, म्हणजे युरोप अन् अटलांटिक महासागरावरून जायचं, तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमानाचं तोंडच फिरवलं आणि पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून न्यायला लागले. हा रस्ता सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ? जवळपास दोन तास कमी, साडेचौदा तासांत विमान पोचलं. गणित करून बघा, आधी तासाला साडेआठशेच्या आत पडत होते ते आता हजाराच्या वर गेले. विमान तसलंच, इंजिनं तसलीच, पायलटनं जास्त रेस दिली असंही नाही.

फरक वाऱ्याचा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर वर, जिथून ही मोठी विमानं जातात, तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली अन् ध्रुवाकडची गार, त्या फरकातून हा वारा तयार होतो आणि पृथ्वी फिरते म्हणून तो पूर्वेकडं वळतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, आणि जगात सगळ्यात तगडा तो जपानच्या डोक्यावर असतो, तासाला ३०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. असा वारा पाठीमागून लागला तर विमानाच्या वेगात तो थेट मिळवायचा आणि समोरून आला तर वजा करायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये मोठं वादळ असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला सहा तासांच्या वर लागतात. (हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो एका जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. वासाबुरो ओइशी त्यांचं नाव. पण त्यांनी अहवाल छापला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत, आणि ती वाचणार कोण, मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा त्यांना हा वारा नव्यानं भेटला.)

म्हणून आजी, लांबच्या विमानाचे किलोमीटर विचारण्यात काही अर्थ नाही, तास विचारायचे. आणि रस्ता तरी ठरलेला कुठं असतो, त्या दिवशीचा वारा, हवामान, कुठल्या देशाच्या वरून जायला परवानगी आहे कुठल्या नाही, हे सगळं बघून कंपनीची माणसं उड्डाणाच्या आधी काही तास रस्ता आखतात. समोरच्या स्क्रीनवर विमान भलतीकडं जाताना दिसलं तर घाबरू नका.

तास धरायचे तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को पंधरा-सोळा. पण तुमचं मोजमाप राळेगावच्या दारापासून लागतं ना? राळेगाव ते सोनेगाव गाडीनं अडीच तास, तिथं दोन तास आधी पोचायचं, दिल्लीपर्यंत पावणेदोन-दोन तास, दिल्लीत पाच तास धरा कारण तिथं इमिग्रेशन अन् सुरक्षा तपासणीतच दोन-अडीच जातात, मग सोळा तास विमानात, आणि तिकडं उतरल्यावर रांग दीड तास. बेरीज एकोणतीसच्या घरात जाते. विमानात बसल्या जागी काढायचे तास मात्र अठराच.

घड्याळाचा घोळ अजून राहिलाच. फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं. समजा दिल्लीहून १० तारखेला पहाटे ४ ला सुटलं आणि साडेपंधरा तास उडालं, तर आपल्याकडं त्याच दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, पण तिकडं १० तारखेचेच सकाळचे ६. तिकिटावर दिसेल ४ ला सुटलं, ६ ला पोचलं! शेजारपाजारचे म्हणतील दोन तासांत अमेरिका. येताना उलटं, तिकडून सकाळी १० ला निघालात अन् साडेसोळा तास लागले तर दिल्लीत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे ४ वाजलेले असतील, म्हणजे कागदावर तीस तास. तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच, की बीपी-शुगरच्या गोळ्या घड्याळ बघून घेऊ नका, किती तासांनी घ्यायच्या ते डॉक्टरला निघायच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या.

गुडघ्यांचं : जावयाला सांगून चालायच्या वाटेकडची सीट घ्या, खिडकी नको, रात्री उठायला दोन माणसं ओलांडावी लागतात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवायची, तिचे पैसे लागत नाहीत आणि दिल्लीसारख्या विमानतळावर एका गेटहून दुसऱ्या गेटला चालणं म्हणजे धुऱ्या-धुऱ्यानं अख्खं वावर फिरणं होते. चार तासांच्या वरच्या बैठकीत पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून शेवटपर्यंत एक चक्कर मारा, बसल्या बसल्या टाचा वरखाली करा, पाणी प्या. लाजायचं नाही, विमानात सगळेच चकरा मारत असतात.

प्रश्न : मी नववीत आहे. भूगोलाच्या नकाशावर भारत आणि अमेरिका सरळ रेषेत दिसतात, मग विमान उत्तर ध्रुवाकडून वाकडं का जातं? आणि हिमालयावरून सरळ का नाही जात? (एक विद्यार्थी, ता. लोणार, जि. बुलडाणा)

उत्तर : बाळा, वाकडा नकाशा आहे, रस्ता नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवली की वरचा अन् खालचा भाग नको तेवढा फुगतो, भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. शाळेत पृथ्वीगोल असेल तर कपाटातून काढायला लाव (बहुतेक शाळांत तो कुलपातच असतो), एक दोरा घे, एक टोक बेंगळुरूवर अन् दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धर आणि ताण. दोरा आपोआप वर सरकून ध्रुवाजवळून जाईल. याला ग्रेट सर्कल म्हणतात, गोलावरचं सगळ्यात कमी अंतर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला असंच उत्तर ध्रुवावरून आलं, सुमारे १४,००० किलोमीटर, आणि कॉकपिटमध्ये सगळ्या बाया होत्या, कॅप्टन झोया अगरवाल पुढे होत्या.

अंतर स्वतः काढायचं असेल तर एक आकडा पाठ कर, पृथ्वीच्या मोठ्या वर्तुळावरचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. नागपूर उत्तर अक्षांश २१ वर, कन्याकुमारी ८ वर, दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर. तेरा अंश गुणिले १११, म्हणजे १,४४३ किलोमीटर. पूर्ण ३६० अंशांचे ४० हजार किलोमीटर होतात, म्हणून जगात कुठलीच दोन गावं जवळच्या वाटेनं २० हजारापेक्षा जास्त लांब असू शकत नाहीत. सध्या सगळ्यात लांबचं न थांबता जाणारं नियमित विमान सिंगापूर-न्यूयॉर्क आहे, १५,३०० पेक्षा थोडं जास्त, साडेअठरा-एकोणीस तास.

हिमालयाचं उत्तर उंचीत आहे, पण एव्हरेस्टच्या नाही. विमान एव्हरेस्टच्या वरूनही जाऊ शकतं. अडचण पलीकडच्या तिबेटची, ते पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे आणि शेकडो किलोमीटर पसरलेलं आहे. आत हवेचा दाब गेला तर वरून मास्क खाली पडतात, त्यातला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो, तेवढ्यात विमानाला तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं. खाली साडेचार हजाराची जमीन असेल तर येणार कुठं? म्हणून तो भाग बहुतेक विमानं टाळतात.

प्रश्न : आमच्या पानठेल्यावर वाद झाला. पृथ्वी फिरते ना, मंग हेलिकॉप्टर वर नेऊन एका जागी उभं ठेवलं तं अमेरिका आपोआप खाली यीन. विमानानं एवढं तेल काऊन जाळा लागते? (एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : राजेहो, पृथ्वीसोबत हवाही फिरते. आपल्या भागातली जमीन तासाला सुमारे १,५५० किलोमीटरनं पूर्वेकडं जात असते, हवा जर मागं राहिली असती तर पानठेल्यावर चोवीस तास त्या वेगाचा वारा लागला असता अन् वाद घालायला ठेलाच शिल्लक राहिला नसता. धावत्या एसटीत माशी उडते ती काही मागच्या काचेवर जाऊन आपटत नाही, तसंच. जो वाद हरला त्यानं चहा पाजावा.

प्रश्न : मला शारजाला कामावर जायचं आहे, वेल्डिंगचं. एजंटनं दिलेल्या कागदावर जाताना सव्वादोन तास अन् येताना पावणेपाच तास असं दिसते. एकच रस्ता, मग येताना दुप्पट कसा? एजंट फसवत तर नाही ना? (एक तरुण, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, एवढ्यात तरी नाही. नागपूर-शारजा सुमारे २,४५० किलोमीटर आहे आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावच्या घड्याळाची असते. शारजा आपल्यापेक्षा दीड तास मागं. तुझं विमान पहाटे साडेचारला निघून तिथल्या पावणेसातला पोचत असेल, म्हणजे खरा प्रवास पावणेचार तास, फक्त दीड तास घड्याळानं गिळला. येताना सव्वातीन तासच लागतात, पण घड्याळ दीड तास पुढं पळतं म्हणून पावणेपाच दिसतात. आणि ते अर्ध्या तासाचं कमीजास्त आहे ना, तो वरच्या आजीला सांगितलेलाच वारा, जाताना समोरून, येताना पाठीमागून.

एक सोपी युक्ती सांगतो. जाताना अन् येतानाचे कागदावर दिसणारे तास मिळवायचे अन् निम्मे करायचे, घड्याळातला फरक आपोआप कटतो. तुझे सव्वादोन अन् पावणेपाच म्हणजे सात, निम्मे साडेतीन, तोच सरासरी खरा प्रवास. आजीचे दोन अन् तीस म्हणजे बत्तीस, निम्मे सोळा. कुठल्याही दोन गावांना लावून बघ, फक्त दोन्हीकडचं विमान न थांबणारं पाहिजे आणि मधल्या काळात तिकडचं घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी बदललेलं नको. अमेरिका-युरोपात ते बदलतात, आखातात बदलत नाहीत.

एजंटच्या बाबतीत तास तपासण्यापेक्षा व्हिसा कशाचा आहे ते तपास. कामाला चाललास अन् हातात टुरिस्ट व्हिसा दिला तर तिथं तुझं कोणीच ऐकून घेत नाही. परदेशात कामाला पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, त्याचा नंबर माग अन् ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघ.

प्रश्न : पोरगा फ्रँकफर्टला आहे. दोन वर्षांआधी गेलो तेव्हापेक्षा आता दिल्लीहून तासभर जास्त दाखवते. अंतर वाढलं का? (एक संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती)

उत्तर : काकाजी, गावं तिथंच आहेत, आभाळात कुंपणं पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि आपणही त्यांच्या विमानांना बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला सरळ जायची वाट तीच, त्यामुळे भारतीय कंपन्यांना गुजरातकडून अरबी समुद्रावर उतरून वळसा घ्यावा लागला, वेळ वाढला, तेल वाढलं, अमेरिकेच्या काही विमानांना तर मध्ये तेल भरायला थांबावं लागलं. ही बंदी भारतीय विमानांना होती, परदेशी कंपन्यांना नाही, म्हणून एकाच दिवशीच्या दोन कंपन्यांच्या तिकिटांत तासांचा फरक दिसू शकतो. तिकीट काढताना भावासोबत तासही लावून बघा.

असं होणारे आपण एकटे नाही. २०२२ पासून युरोपच्या विमानांना रशियाच्या वरून जाता येत नाही. फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियो पूर्वी साडेनऊ तासांवर होतं, ते तेरा तासांवर गेलं.

प्रश्न : मुंबईला दवाखान्यात जायचं आहे. बेलोऱ्याहून (अमरावती) मुंबई जवळ आहे अन् नागपूरहून दूर, तरी दोन्हीकडून वेळ सारखाच लागतो असं कसं? कुठून जाऊ? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : बेलोरा-मुंबई हवेतून सुमारे ५४० किलोमीटर, नागपूर-मुंबई ६८५. पण बेलोऱ्याला एप्रिल २०२५ मध्ये जी सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाची, त्याचा वेग तासाला पाचशेच्या आसपास. नागपूरहून मोठं जेट असतं, ते आठशेच्या वर जातं. म्हणून दोन्हीकडून पावणेदोन तासाच्या आसपासच येतं.

यातही नागपूरचं गणित करून बघाल तर जेटला पाऊण तास पुरायला पाहिजे, बाकीचा तास कुठं जातो? तिकिटावरची वेळ ही चाकं जमीन सोडतात तिथून नाही, तर विमान जागेवरून हललं तिथून पलीकडं जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत धरतात. रनवेपर्यंत सरकत जाणं, चढताना अन् उतरताना कमी असलेला वेग, आणि मुंबईत उतरायला नंबर लागणं, हे सगळं त्यात आलं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना कापतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, अन् गर्दी तर अशी की ठाणे-पालघरवर घिरट्या घालत बसायची वेळ येते. कंपन्याही हुशार, त्या आधीच थोडा वेळ जास्त लिहून ठेवतात, म्हणून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोचलं म्हणून टाळ्या घेते.

तुम्ही दर्यापूरचे, बेलोरा तुमच्या तास-दीड तासावर अन् नागपूर चार तासांवर, तर बेलोराच बरा. फक्त तिथून रोज विमान असेलच असं नाही, तारखा आधी बघा आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट विमान पोचायच्या दुसऱ्या दिवशीची घ्या. एटीआर छोटं विमान आहे, पेशंटला व्हीलचेअर लागत असेल तर तिकिटासोबतच सांगून ठेवा, आणि रिपोर्टची फाईल सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.